राजीचा उपास

"राजीला उपास सांगू नको, सरे. तिला उपास झेपत न्हाय. दोन-दोन तासाला कायतरी घालत जा तिच्या तोंडात. गुळाचा खडा घाल, शिळी भाकरी घाल, पर उपाशी ठिवू नको तिला."

मथुराबाई हे बोलल्या तेव्हा दवाखान्याच्या खाटेवर होत्या. साखर साडेचारशेच्या वर गेलेली आणि दोन्ही कान गेलेले. चाळिशीतच त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं; साठीला पोचेपर्यंत ठार बहिऱ्या झाल्या. स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळं त्या अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडून बोलल्या. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. थोरल्या लेकीनं, सरोजिनीनं, नुसती मान हलवली.

"मान नगं हालवू. तोंडानं व्हय म्हण. मला दिसंल आसं म्हण."

मग सरोजिनीनं ओठ नीट हलवून म्हटलं, "व्हय, आई."

तिसऱ्या दिवशी मथुराबाई गेल्या. त्याला आता बारा वर्षं झाली. ज्या तोंडानं वचन दिलं त्याच तोंडानं, देवाचं नाव घेऊन, ते मोडलं गेलं. हे सरोजिनीला कळलं ते श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, उखळात शेंगदाण्याची चटणी कुटताना.

सरोजिनीचा राग भवानी पेठेत कुणी पाहिला नव्हता. मांजरानं दूध सांडलं तरी, "अगं बाई, निदान साईला तरी तोंड लावायचं नव्हतंस," एवढंच ती म्हणायची. पहाटे सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन यायचं, मग पूजा, मग चूल. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी हे उपास लग्नाच्या आधीपासूनचे. आणि चातुर्मासात सोलापूरची शीव ओलांडायची नाही, हे व्रत नऊ वर्षांपूर्वी धरलेलं, राजीसाठी. माहेरी माढ्याला लग्न असो की मयत असो, आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत सरोजिनी जुन्या जकात नाक्याच्या पलीकडं पाऊल टाकत नसे. राजीला बरं वाटू दे, एवढंच मागणं.

राजी म्हणजे राजेश्वरी, तिच्याहून अकरा वर्षांनी धाकटी बहीण. चोविसाव्या वर्षी लग्न झालं आणि सव्वीसच्या आत नवऱ्यानं तिला थोरल्या भावाच्या, आबासाहेबांच्या, दारात आणून सोडली. सकाळी उठत नाही, हे कारण. उठवायला सासू अंगावर तांब्याभर पाणी ओतायची. राजी ओल्या लुगड्यानं तशीच बसून राहायची. माढ्याला सहा महिने झाल्यावर वहिनीचं तोंड वाकडं व्हायला लागलं, तेव्हा सरोजिनी तिला सोलापूरला घेऊन आली. डॉक्टर बघितला. नैराश्य आहे म्हणाला. त्या डॉक्टरकडं दर महिन्याला नंबर लागायचा आणि तीन मिनिटांत व्हायचं. झोप येते का, जेवते का, गोळ्या चालू ठेवा. नऊ वर्षं. गोळ्यांनी राजीचं रडू थांबलं हे खरं. पण एकदा भाजी निवडताना ती म्हणाली होती, "आक्का, बरं झालं म्हणून थांबलं नाही गं. रडायलाबी ताकद लागती."

या वर्षी वैशाखात राजी जिन्यात पडली. सरोजिनीचे यजमान चिंतामणी तिला सात रस्ता चौकातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले; मागाहून सरोजिनीही पोचली. डॉक्टर उत्कर्षा. वय असेल तीस-बत्तीस. तिनं पडण्याचं विचारलंच, पण मग भलतंच काहीतरी विचारायला लागली. टीव्हीचा आवाज मोठा करतात का? साखरेची गोळी कधीपासून? तुमच्या आईला कमी ऐकू यायचं? मामाला? एका दमात किती पायऱ्या चढतात? नऊ वर्षांत राजीला कुणी आईबद्दल विचारलं नव्हतं. राजी मान वर करून उत्तरं देत होती. रक्त घेतलं, त्यातलं थोडं बाहेरगावी तपासायला जाणार होतं, दोन-अडीच महिने लागतील म्हणाली. शेवटी लिहिता लिहिता विचारलं:

"काकू, या उपास करतात का? म्हणजे खूप वेळ पोटात काही नाही, असं होतं का?"

सरोजिनीनं हातातल्या पिशवीकडं बघत सांगितलं, "नाही."

राजीचे तेव्हा सोळा सोमवार चालले होते. अकरावा नुकताच झाला होता, निर्जळी. सरोजिनीनंच धरायला लावले होते. पण दुसऱ्याच्या भल्यासाठी धरलेलं व्रत उद्यापन होईपर्यंत तोंडातून काढायचं नसतं, काढलं की फळ जातं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. डॉक्टरीणबाईंना सांगायचं म्हणजे सोळातले अकरा पाण्यात. ती खोटं बोलली असं तिला तेव्हा वाटलंसुद्धा नाही. राजीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि परत मान खाली घातली. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, 'उपास: नाही.'

तर या सोमवारी फोन वाजला तेव्हा सरोजिनीच्या हातात मुसळ होतं.

"काकू, रिपोर्ट आलाय. राजेश्वरीताई कुठे आहेत?"

"गावाला गेलीय."

"बऱ्या आहेत ना? जेवतायत नीट?"

सरोजिनीनं मुसळ उखळात ठेवलं. उखळातून लसणीचा वास येत होता. मग तिनं सगळं सांगितलं. सोळा सोमवार सांगितले. आणि मठ सांगितला.

मठ ही आबासाहेबांची कल्पना. कर्नाटकाच्या शिवेवरचं एक गाव, तिथं मनाचा आजार एकवीस दिवसांच्या अनुष्ठानानं जातो, हे त्यांनी कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत ऐकलं होतं. सकाळी तुळशीचं पाणी, संध्याकाळी वाटीभर ताक. गोळ्या बंद. घरातल्या थोरल्या बाईनं संकल्प सोडायचा असतो. सरोजिनीला शीव ओलांडायची नव्हती म्हणून मठाचा माणूसच तांब्याची पळी-पंचपात्री घेऊन भवानी पेठेत आला. सरोजिनीनं हातावर पाणी घेतलं, राजीचं नाव घेतलं, एकवीस दिवस म्हटलं आणि पाणी तबकात सोडलं. राजी आबासाहेबांच्या गाडीत बसताना काच खाली करून म्हणाली होती, "आक्का, डब्यात कायतरी दिलंस का?"

"अनुष्ठान आहे गं राजी," सरोजिनीनं हसून सांगितलं होतं.

हसून.

"किती दिवस झाले?" डॉक्टरनं विचारलं.

"आज नववा."

पलीकडून आवाज आला, हळू, पण दात आवळल्यासारखा.

"काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

एवढंच. पुढं ती जे बोलली ते समजावून, दोन-दोनदा सांगून बोलली, पण सरोजिनीच्या मनात ते पहिले शब्द कुसळासारखे घुसून बसले.

डॉक्टर म्हणाली ते असं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत अन्नाची शक्ती करणारे बारीक बारीक भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. खाल्लेल्या भाकरीचं बळ तेच करतात. राजीच्यातले बरेचसे जन्मापासून बिघडलेले आहेत. मेंदूला सगळ्यात जास्त शक्ती लागते, कानाला लागते, साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीला लागते, पायाला लागते. जिथं जास्त लागते तिथंच आधी तुटवडा पडतो. माणूस उठत नाही, त्याला कशात रस वाटत नाही, आणि लोक म्हणतात मन मेलंय. "सगळ्या उदास माणसांचं असं असतं असं नाही म्हणत मी, काकू. बऱ्याच जणांच्या बाबतीत यावर अजून शोधच चाललाय. पण राजेश्वरीताईंचं असं आहे. त्यांच्या गोळ्या नुसत्या मनाच्या ठेवून भागणार नव्हतं. साखरेची गोळी बदलायला हवी होती. थोडा थोडा व्यायाम, काही जीवनसत्त्वं, आणि सगळ्यात आधी, वेळेवर खाणं. जादू नाही होणार. पण उपास म्हणजे त्यांच्यासाठी विष आहे."

"कुठून आलं हे?"

"आईकडून. हे आईकडूनच येतं. सगळ्या लेकरांना येतं, पण वाटा सारखा नसतो. एकाच्या वाट्याला चांगले जास्त, एकाच्या वाट्याला बिघडलेले जास्त. तुमच्यातही असणार. तुमचा वाटा हलका दिसतो."

मग तिनं ताकीद दिली. आजच आणा. पेज द्या, गूळ-पाणी द्या, थोडं थोडं. एकदम पोटभर घालू नका. श्वास जोरजोरात चालला असेल, उलट्या असतील किंवा हाक मारून नीट ओ देत नसतील तर आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर थेट इथं.

फोन ठेवल्यावर सरोजिनीनं पुन्हा मुसळ उचललं. चटणी कधीच झाली होती. तेल सुटलं होतं. तरी ती कुटत राहिली. तुमचा वाटा हलका दिसतो. धाड. तीस वर्षं ती निर्जळी एकादशी करून दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक करत आली होती. पेठेतल्या बाया म्हणायच्या, काय पुण्याई बाई तुमची. तीही मनातून तसंच समजायची. धाड. राजी बाराव्या तासाला भिंत धरून बसायची, तेव्हा तिला वाटायचं, हिची श्रद्धाच कमी. पुण्याई कसली? आईच्या पोटातून उतरताना तिच्या पदरात बरा दाणा पडला होता, आणि राजीच्या पदरात किडका. आणि ती आपल्या बऱ्या दाण्याच्या मापानं राजीला मोजत होती. धाड. धाड.

खालून चिंतामणींनी हाक मारली, "सरोज, उखळ फोडतीस का काय?"

खाली त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. ती जिना उतरली तेव्हा ते मांडीवर जळकी मोटर घेऊन काळी पडलेली तार उपसत होते. तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मायटोकॉन्ड्रिया हा शब्द तिनं बिनचूक उच्चारला; स्तोत्रातला एक काना चुकू द्यायची नाही ती.

चिंतामणींनी मांडीवरची मोटर तिच्याकडं फिरवली.

"ही पॉवरलूमची मोटर बघ," ते म्हणाले. "परवा व्होल्टेज पडलं होतं. दिवा लागतो, पंखा हलतो, लोकांना वाटतं लाइट आहे की. पण मोटर उचलत नाही. नुसती गुरगुरते. मालकाला वाटलं मोटरच मस्तीला आली, म्हणून तो चालू करून करून बघत बसला. कॉइल जळाली. मोटरीत काही खोट नव्हती, तिला करंट पुरत नव्हता." त्यांनी मान वर केली नाही. "आपण राजीला असंच चालू करून करून बघत बसलो."

"आपण नाही. मी."

"बरं, तू."

त्या 'बरं, तू'नं सरोजिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हाला एवढं कळत होतं तर नऊ वर्षं तोंड का उघडलं नाहीत?"

"उघडलं होतं. तिसऱ्या सोमवारी म्हटलं होतं, अगं तिला चहा तरी दे. तू काही बोलली नाहीस. देवघरात जाऊन बसलीस. आणि तू देवापुढं बसलीस की या घरात कोण काय बोलणार? ओरडणाऱ्या बाईशी भांडता येतं, सरोज. तुझ्याशी नाही येत."

ती काही बोलली नाही. आणि आपण काही बोललो नाही हे लक्षात येऊन तिचा राग आणखी वाढला.

तिनं मठाला फोन लावला. उचलला तो तिथल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या चंद्रव्वानं. अर्धं कानडी, अर्धं मराठी.

"राजक्का? ऊट इल्ला री. जेवणच नाही. आज तर ताकबी तोंडात घेईना. निजूनच हाय. हाक मारली की डोळं उघडती, परत मिटती."

"ओ देते का?"

"देती री. हळू देती."

"मी माणूस पाठवते, तिला घेऊन जाऊ दे."

"अय्यो, तसं सोडत नाहीत री. संकल्पाचं पाणी ज्यानं सोडलं, त्यानंच येऊन परत घ्यायचं. भाऊ आला, नवरा आला, तरी नाही. मागं एकाला तसंच परत लावलं."

"चंद्रव्वा, तू तिला काहीतरी घाल. तुझ्या पाया पडते."

"मला काढून टाकतील की."

सरोजिनीला फोनमधून भांडी वाजल्याचं, कुणीतरी कानडीत हाक मारल्याचं ऐकू आलं. मग चंद्रव्वा तोंडापाशी फोन धरून कुजबुजली, "गूळ हाय माझ्याजवळ. पाण्यात कालवून चमच्यानं देती. तुमी लौकर या री."

आबासाहेब त्या दिवशी बाजार समितीच्या कामासाठी सोलापुरातच होते. चिंतामणींनी बोलावलं म्हणून अर्ध्या तासात वर घरी आले. माढ्याकडचे बागायतदार, पांढरा सदरा, अंगठ्या, आणि आल्या आल्या खुर्चीवर बसून जोरात, "च्या टाक गं." त्यांना चाळिशीत साखर निघाली होती आणि पन्नाशीच्या आत कान गेले होते. कानाचं मशीन सदऱ्याच्या खिशात असायचं. लोकांसमोर घालायची लाज.

सगळं ऐकून, म्हणजे निम्मं ऐकून, ते हसले.

"सरे, तू यवडी देवाची, आन् तूच अनुष्ठान मोडाया निगालीस व्हय? घरावर यील की."

"काय येईल?"

"आं?"

"काय येईल घरावर म्हटलं?"

"कोप यील, कोप! आन् ही डाक्टरीन काल शिकून आलीया, तिला काय कळतंय? राजीला रोग न्हाय, आळस हाय. आईनं लाडावून ठिवलं तिला. उठता-बसता गुळाचं खडं. म्या लहानपनापास्नं बगतोय की."

सरोजिनी शेगडीपाशी चहाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं गॅस बंद केला.

"दादा, मशीन कानात घाल."

"आं?"

"खिशातलं मशीन. कानात घाल. मी एकदाच बोलणार आहे, आणि मोठ्यानं बोलणार नाही."

आबासाहेबांनी चिंतामणींकडं बघितलं. चिंतामणी तारेच्या तुकड्याशी खेळत होते. शेवटी त्यांनी मशीन काढलं, फुंकलं, कानात बसवलं. ते क्षणभर शिट्टीसारखं वाजलं.

"आईला चाळिशीत कमी ऐकू यायला लागलं," सरोजिनी म्हणाली. तिचा आवाज रोजच्याइतकाच होता. "मग साखर. तुझं तसंच. राजीचं तसंच. एका आईची लेकरं आपण, एकच जिन्नस वाटून घेतला. तुझे कान गेले तर तुला मशीन आणलं. तुला साखर झाली तर वहिनी घड्याळ लावून नाश्ता देते. राजीच्या मेंदूला तोच तुटवडा आला, तर तिच्या अंगावर पाणी ओतलं. तिला माल परत दिल्यासारखं तुझ्या दारात टाकलं, तू माझ्या दारात टाकलंस आणि मी मठात टाकलं. तुला कुणी आळशी म्हटलं, दादा? एकदा तरी? सकाळी आठला उठतोस, तर म्हणतात मालक झोपलेत."

"मला कुटं उदास वाटतं?" आबासाहेब म्हणाले, पण आवाजातला जोर कमी झाला होता.

"मला माहीत नाही. तुला कधी कुणी विचारलंय?"

आबासाहेबांनी अंगठी फिरवली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सूताचे गठ्ठे उतरवत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मला बी सकाळी उठवत न्हाय," ते म्हणाले. चिंतामणींनी हातातली तार खाली ठेवली. "चार वरसं झाली. गड्यासमोर म्हणतो, पाठ धरलीया. वरच्या खोलीत पडून ऱ्हातो. कशात जीवच लागत न्हाय. द्राक्षं तोडायला आली तरी वाटतं, ऱ्हाऊ दे तिकडं."

दुसरी एखादी बहीण असती तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता. सरोजिनीलाही क्षणभर तसं वाटलं. पण मग तिला ओल्या लुगड्यातली राजी दिसली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "अंग कसं गळतं हे तुला आतून ठाऊक होतं. आणि तरी तू तिला आळशी म्हणत होतास."

"म्हनूनच म्हणत हुतो," आबासाहेब खाली बघून म्हणाले. "तिला रोग हाय म्हटलं असतं, तर मलाबी म्हणावं लागलं असतं."

मग आबासाहेबांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "गाडी घिऊन जा."

"गाडी नको. मोटरी पोचवणाऱ्या ईरप्पाला फोन केलाय यांनी. त्याला कानडी येतं." सरोजिनीनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला, आणि कपाशेजारी एका बशीत कालची भाकरी, तिच्यावर ताजी चटणी. "हे खा. सोमवार म्हणून सकाळपासून उपाशी असशील. आणि उद्या सात रस्त्याला येऊन रक्त देऊन जा. मीही देणार आहे. पुण्याहून अजिंक्यलाही बोलवीन." अजिंक्य म्हणजे तिचा मुलगा. त्याचं नाव घेताना तिला उमगलं, तिचा वाटा त्यालाही गेला असणार. तो सकाळी उशिरा उठतो म्हणून फोनवर ती त्याला रोज दोन शब्द ऐकवत असे.

आबासाहेब भाकरीकडं बघत बसले.

सरोजिनी आत गेली. तांदळाची पेज कुकरला लावली, मीठ-साखर घालून थर्मासमध्ये भरली. गुळाचे खडे पुडीत बांधले. गुळाच्या दोन दशम्या भाजल्या. डॉक्टरचा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो कागद ब्लाउजमध्ये ठेवला. मोबाइलची बॅटरी जाते, कागदाची जात नाही. सगळं करताना तिच्या हातून भांडी आदळत होती. त्या तीन मिनिटांच्या डॉक्टरवर राग होता. त्या सासूवर होता. मठवाल्यांवर होता, आणि त्यांच्या पळी-पंचपात्रीवर. पण सगळे राग फिरून फिरून एकाच जागी येत होते, जसं पाणी कुठंही सांडलं तरी मोरीकडंच जातं. 'उपास: नाही.' तो शब्द तिनंच सांगितला होता.

देवघरात समई तेवत होती. सरोजिनी पाटावर बसली नाही. उभीच राहिली.

"तू मागितलं नव्हतंस," ती देवाला म्हणाली. "माझा तुझ्याशी तंटा नाही. माझे उपास माझे, ते मी करीन. पण तिचे मी तुला परस्पर देऊन टाकले. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून नैवेद्य दाखवला." तिनं समईची वात पुढं सारली. "आणि शिवेचं म्हणशील तर आज ओलांडते. तुला बोलले त्याच्या आधी आईला बोलले होते."

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिनं दशमीचा तुकडा मोडला, आणि तिथंच देवापुढं, उपासाच्या सोमवारी, भर दुपारी, तोंडात टाकला. राजीला एकटीला खायला लावायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ती नाहीतर म्हणेल, आक्का, तू नाही खाल्लंस तर मी कशी खाऊ. तशी आहेच ती. पाणी पिऊन कोरडा घास खाली ढकलला.

दुकानासमोर ईरप्पाची ओमनी उभी होती. मागच्या सीटवर त्यानं मोटरींचे खोके बाजूला सारून गोधडी अंथरली होती.

"मी येतो," चिंतामणी म्हणाले.

"तुम्ही सात रस्त्याला जाऊन बसा. डॉक्टरीणबाईंना सांगून खाट मिळवून ठेवा. आणि त्यांना सांगा," सरोजिनी थांबली, "त्यांना सांगा, काकूंनी खोटं सांगितलं होतं. कागदावर ते खोडून लिहा म्हणावं. नऊ वर्षांचं सगळं लिहा."

चिंतामणींनी मान हलवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "हो. सांगतो."

"भाभी, नाक्यापाशी थांबू का जरा?" गाडी सुरू करता करता ईरप्पानं विचारलं. तो पंधरा वर्षं मोटरी पोचवत होता. चातुर्मासात भाभी तिथंवर येऊन परत फिरतात, हे त्याला माहीत होतं.

"नको."

थर्मास तिनं दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरला. गाडी पेठेतल्या लूमांच्या खटखटीतून हळूहळू बाहेर पडली. सिद्धेश्वराचं तळं उजव्या हाताला आलं. एरवी तिचे हात आपोआप जोडले जायचे. आज एका हातात थर्मास होता आणि दुसऱ्या हातात गुळाची पुडी, म्हणून तिनं नुसती मान लववली.

जकात नाका आला. गेला.

"ईरप्पा, हळू नको," ती म्हणाली, आणि खिडकीची काच खाली केली.